तातडीने मदत हवी: कागदाच्या मशीनवर चांगले हातमोजे कुठले? (मुंबई)

गाळा_नंबर_१७
मंडळी जरा लवकर सांगा, सोमवारी शेठला कोटेशन दाखवायचंय. कांदिवलीला चारकोपच्या इस्टेटमधे आमचा गाळा आहे, कागदाचं काम. परवा एका पोराची दोन बोटं गेली, म्हणजे अख्खी नाही, पेरं चेचली, टाके पडलेत, घरी बसलाय. तेव्हापासून सगळ्यांना सेफ्टी आठवलीय आणि सुपरवायझर म्हणून ते माझ्या गळ्यात. साधे हातमोजे काही कामाचे नाहीत हे कळलं. कट न होणारे पाहिजेत, जोडीला २००-२५० पर्यंत. कुठले घेऊ, कुठे मिळतील? गुगल करून झालंय, ते सांगू नका.

नागदेवीकर
नागदेवी स्ट्रीटला या, दहा दुकानं फिरा. मोज्यावर ईएन ३८८ (हातमोज्यांचं युरोपियन स्टँडर्ड) छापलेलं बघा, त्याच्या खाली चार आकडे आणि मग ए ते एफ मधलं एक अक्षर असतं, ते अक्षर जेवढं पुढचं तेवढा मोजा कापायला कठीण. डझनाच्या भावाने घ्या. रविवारी येऊ नका, बंद असतं.

छापखाना_परळ
कटिंग मशीनवर हातमोजे घालून काय होणार? सुरी रिमच्या रिम कापते, तिला मोजा काय जड आहे. कटरला दोन्ही हातांची बटणं एकदम दाबल्याशिवाय सुरी खाली येता कामा नये. तुमच्या ऑपरेटरने एका बटणात काडी घालून ठेवली असणार, लिहून देतो. आमच्याकडे एकाने माचिसची काडी घातली होती, दिसली तेव्हा मालकांनी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवला.

गाळा_नंबर_१७
कटर कुठे म्हटलं मी?? वर लिहिलंय ना मशीन.

मीठभाकर
वर "कागदाचं काम" एवढंच लिहिलंय हो. कागदाच्या कामात पंचवीस मशीनं असतात. कुठलं मशीन, चालू होतं की बंद, किती माणसं कामाला, पोरगा ऑपरेटर की हेल्पर? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

अंबरनाथचा_बाळ्या
विषय निघालाच आहे तर, कागदाच्या धुळीवर रोज गूळ खायला द्या पोरांना. आजोबा गिरणीत होते, रोज खडा खायचे, पंच्याऐंशी वर्षं जगले.

डॉ_नाही_पण
गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात. मधे रस्ता नाही. त्यापेक्षा एअरगनने हवा मारून मशीन झाडायचं बंद करा, सगळी धूळ उडून नाकात आणि ट्यूबलाइटवर बसते, एक ठिणगी पडली की पेटते. व्हॅक्यूम घ्या आणि मास्क.

अंबरनाथचा_बाळ्या
आजोबांकडे व्हॅक्यूम नव्हता.

गाळा_नंबर_१७
अरे गूळ काय, हातमोजे सांगा! बरं, रिवाइंडर आहे. मोठी रील लावून छोटे रोल करतो, सेकंडहँड घेतलेलं. १४ जण आहोत. मशीन चालूच होतं, कागदाला सुरकुती आली म्हणून हेल्परने तळव्याने कागद सारखा केला, नेहमीच करतात सगळे. हातमोजा होताच की त्याला, पांढरा विणलेला, तोच आधी रोलमधे गेला आणि मागून हात. मोजा कात्रीने कापून हात काढला. म्हणून तर चांगला पाहिजे.

निवृत्त_फोरमन
बाळा, थांब. कोटेशन बाजूला ठेव. तूच लिहिलंस की मोजा आधी गेला. दोन रोल एकमेकांकडे फिरतात तिथे जी फट असते ना, निप म्हणतात तिला, ती कापत नाही, ओढते. उघडं बोट कधीतरी निसटेल, मोजा निसटत नाही, विणीचा एक धागा अडकला की पुरे. महागडा घेतलास तर तो फाटणारही नाही, म्हणजे हात आणखी आत. फिरत्या रोलजवळ मोजा नको, लांब बाही नको, हातात धागा-कडं नको. मी तीस वर्षं खोपोलीकडच्या मिलमधे काढलीत, मोज्यासकट गेलेला हात पाहिलाय, पुढचं सांगत नाही. स्पीड किती आहे मशीनचा?

गाळा_नंबर_१७
२०० मीटर मिनिटाला.

निवृत्त_फोरमन
म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या वर. हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला तरी दीड मीटर कागद आत गेलेला असतो. आधी निपवर जाळीचा गार्ड बसव आणि त्याला लिमिट स्विच लाव, गार्ड उचलला की मशीन बंद पडलं पाहिजे. कागद ओवायला जॉगचं बटण, दाबून धरलं तरच सावकाश फिरेल असं. लाल बटण दाबल्यावर ड्रम किती फिरत राहतो तेही बघ, जुन्या मशीनला ब्रेक मेलेला असतो, बटण दाबून माणूस सुटत नाही. आणि सुरकुती हाताने काढायचीच नाही, कागदाचं टेन्शन म्हणजे ताण आणि रीलची लेव्हल बघायची. मशीन थांबवलं तर टनामागे मिळणारा पैसा बुडतो म्हणून पोरं हात घालतात, हे शेठला सांग.

नागदेवीकर
काका तुमचा मान ठेवून, मग स्लिटरच्या, म्हणजे कागद उभा चिरणाऱ्या, गोल ब्लेड बदलताना काय हात कापून घ्यायचे? मोजा लागतोच.

निवृत्त_फोरमन
ब्लेड बदलताना घाला की. मेन बंद, मेनला कुलूप, चावी ब्लेड बदलणाऱ्याच्या खिशात. काम झालं की मोजा काढा.

छापखाना_परळ
बघा, शेवटी मशीनचंच निघालं. मी तेच म्हणत होतो.

मीठभाकर
तुम्ही माचिसच्या काडीचं म्हणत होता.

सायन_साइडने
कायद्याचं कुणी बोलत नाहीये. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमधे कलम २१ च फिरत्या भागांना कुंपण घालायचं होतं, २०२५ मधे त्याच्या जागी आलेल्या नव्या लेबर कोडातही यातून सुटका नाही. माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर इन्स्पेक्टरकडे कळवावं लागतं. पोरगा ईएसआयमधे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, आहे का? असेल तर घरी बसल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के मिळतात, पण कंपनीने अपघाताचा रिपोर्ट भरायला हवा. आणि सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, इंडस्ट्रियल सेफ्टीचं प्रदर्शन आहे तिथे, शेठला घेऊन जा.

गाळा_नंबर_१७
शेठ सायनला येणार नाही, लोअर परळला बोलावलं तरी येत नाही. पोरगा कॉन्ट्रॅक्टवर आहे.

सायन_साइडने
कॉन्ट्रॅक्टवर असला तरी ईएसआय लागतो. ठेकेदाराने भरला नसेल तर भरायची जबाबदारी मालकावर येते. पोराला किंवा त्याच्या घरच्यांना तू स्वतः फोन कर, त्याचा ईएसआयचा नंबर मिळवून दे. नंतर कुणी विचारत नाही.

गाळा_नंबर_१७
नंबर नाहीये असं ठेकेदार म्हणतो. पगारातून कापतो मात्र, स्लिप बघितलीय मी. बोलतो त्याच्याशी.
काका, फॅब्रिकेटर शनिवारी माप घ्यायला येतोय. जाळी घ्यायची की पत्रा? पत्रा स्वस्त सांगतोय.

निवृत्त_फोरमन
जाळी. पत्र्यातून सुरकुती दिसणार नाही, मग बघायला म्हणून गार्ड उचलतील आणि चार दिवसांत स्विचला तार बांधतील. भोक बोट न जाण्याएवढं बारीक घे.

अंधेरीची_आरती
आत्ताच बघितला धागा. आमच्या ऑफिसच्या प्रिंटरमधे ए फोर सारखा अडकतो, तो पण रोलरचाच प्रॉब्लेम असतो का?