दगडी अंगणावर ॲसिड ओतून बसलोय, आता काय करू?

घसरगुंडी:
नमस्कार मंडळी. घरामागे बसायला म्हणून दगडी फरशी घातलीये, उघड्यावरच, वर छप्पर वगैरे काही नाही, चारेक वर्षं झाली असतील. पहिली दोन वर्षं झकास होती, आता भिंतीकडच्या बाजूला हिरवं-काळं शेवाळ धरलंय, पाऊस पडून गेला की पाय ठेवायची सोय नाही, परवा सासरे पडता पडता वाचले. मधल्या भागात पांढरी भुकटी येते, धुतली की गायब, वाळली की परत हजर. आणि आता मुख्य मूर्खपणा ऐका, बाथरूमसाठी आणलेलं ॲसिड पडून होतं, म्हटलं एका कोपऱ्यात टाकून बघू. फस्स करून फेस आला, मी खूश, वाटलं मळ निघतोय. धुवून बघतो तर तेवढाच तुकडा पांढुरका आणि खरखरीत झालाय, काळे ठिपके मात्र जिथल्या तिथे. हा डाग कसा घालवू? आणि बाकीच्याला प्रेशर वॉशर मारू का?

दगडफोड्या:
तो फेस मळाचा नव्हता हो, दगडाचा होता 😅 शहाबादी, कोटा, मार्बल, ट्रॅव्हर्टाइन हे सगळे कॅल्शियम कार्बोनेटवाले दगड, ॲसिड लागलं की विरघळतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तुमचा फेस. म्हणजे तुम्ही ज्याला डाग म्हणताय तो डाग नाहीच, वरचा थर खाल्ला गेलाय, त्यामुळे कुठल्याही क्लीनरने तो जाणार नाही. घासकामवाल्याकडून डायमंड पॅडने तेवढा भाग घासून घ्या नाहीतर सोडून द्या, उघड्यावर आहे, ऊन-पावसात हळूहळू कमी उठून दिसेल. आता व्हिनेगर, लिंबू, हार्पिकसारखं काहीही त्या फरशीवर नको, सगळी ॲसिडच. ग्रॅनाइटला असा फेस येत नाही, पण सँडस्टोनला ‘वाळूचाच तर आहे’ म्हणून टाकायला जाऊ नका, वाळूचे कण धरून ठेवणारा मसाला कधीकधी चुन्याचा असतो आणि मग दगड भुसभुशीत होतो.

शेवाळाला साधं ब्लीच चालतं, घरगुती ब्लीचच्या एका भागाला दहा भाग पाणी, फरशी आधी ओली करून घ्या, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वाळू द्यायचं नाही, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. आजूबाजूच्या झाडांवर आधी पाणी मारा. आणि हे नीट वाचा, ॲसिड टाकलेला कोपरा आधी पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, तो फुप्फुसं जाळतो, मोकळ्या हवेतसुद्धा गंमत नाही. आजच्या आज ब्लीच नकोच, आठवडाभराने करा.

काळे ठिपके बहुतेक लायकेन म्हणजे दगडफूल आहे, ते शेवाळासारखं वर बसत नाही, दगडाच्या छिद्रांत धागे रोवून बसतं. एका फटक्यात जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं, आणि तारेचा ब्रश अजिबात नको, तारेचे बारीक तुकडे दगडात अडकतात आणि नंतर गंजून तांबडे ठिपके येतात, एक काढायला गेलात की दुसरं.

वॉशरग्रस्त:
प्रेशर वॉशरबद्दल माझ्याकडून ऐका. मी मारला, अर्ध्या तासात फरशी नवीकोरी, बायकोला बोलावून दाखवली पण. आणि मग खाली बघतो तर दरजांमधला मसाला धुऊन निघालेला, बोट जाईल एवढ्या फटी! मग पुढच्या पावसात पाणी आत शिरून दोन लाद्या डगडग करायला लागल्या, सगळ्या दरजा परत भरून घ्याव्या लागल्या. मारायचाच असेल तर पसरट फवाऱ्याचा नोझल लावा, फूटभर तरी लांब धरा आणि दरजेच्या रेषेत नाही तर तिरका मारा. स्लेट असेल तर विसराच, पापुद्रे सुटतात.

ओलसरकाका:
सगळे वरून काय ओतायचं ते सांगतायत, पांढऱ्या भुकटीबद्दल कोणी बोलेना. तो लोणा आहे. फरशीखालच्या सिमेंट-वाळूत क्षार असतात, पाणी आत शिरतं, क्षार विरघळवून वर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार राहतो. धुता तेव्हा तो परत विरघळून आत जातो, म्हणून तर गायब होतो 🙂 कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाका, धुवू नका. आणि पाणी येतंय कुठून ते शोधा. बादलीभर पाणी ओता, तासाभराने कुठे साचलंय बघा. उघड्या फरशीला साधारण दर 80 सेंमीला 1 सेंमी तरी उतार हवा, तोही भिंतीपासून लांब जाणारा, बऱ्याच ठिकाणी नेमका उलटा असतो.

चकचकीत:
एवढं सगळं करण्यापेक्षा सीलर, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून दगडाला लावतात ते द्रावण, मारून मोकळे व्हा ना, मी मारलाय, मस्त ओला-ओला लुक येतो.

ओलसरकाका:
@चकचकीत तुमच्याकडे लोणा नसेल म्हणून चाललं. चकाकी देणारा ॲक्रिलिकचा सीलर म्हणजे वर पातळ पडदा, खालची ओल अडकते, मग पडदा पांढरा पडतो नाहीतर सोलवटतो, आणि पावसात घसरतं ते वेगळंच. मारायचाच तर दगडात मुरणारा घ्या, सिलेन-सिलोक्सेनवाला, त्यातून वाफ बाहेर पडते. पण भुकटी थांबल्यावरच, आणि फरशी दोनेक दिवस कडक उन्हात वाळवून. गरज आहे का तेही बघा, दगडावर पाण्याचे थेंब टाका, दगड लगेच गडद झाला तर पाणी पितोय, थेंब तसेच बसून राहिले तर पैसे वाचवा.

चकचकीत:
पांढरा पडलाय खरा एका कडेला, मला वाटलं माल डुप्लिकेट होता.

घसरगुंडी:
अपडेट देतो. बादली ओतली, पाणी सगळं भिंतीकडेच येऊन थांबलं, आणि गच्चीचा पाइपही नेमका तिथेच सुटतो, चार वर्षं रोज बघतोय पण डोक्यात आलं नाही. पाइप लांबवून पुढे सोडलाय, उतार दुरुस्त करायला ती बाजू उचलावी लागेल, ते नंतर. शेवाळ पहिल्या धुण्यात गेलं, ठिपके निम्मे फिके झालेत. भुकटी रोज झाडतोय. अजून एक, कुंडीच्या लोखंडी स्टँडचे गंजाचे गोल उठलेत, त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड टाक म्हणून एकाने सांगितलं...

दगडफोड्या:
नाव परत एकदा वाचा 😄

घसरगुंडी:
😂 ठेवलं बाजूला. स्टँडखाली रबराचे तुकडे लावतो आणि गोलांवर कुंड्याच ठेवतो.