मोठ्या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क सांभाळणं: नॉक घ्यावं की फील्ड?

रानजाई विचारते:

ई अँड टीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम) डिप्लोमा झालाय आणि दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक जागा पुण्यात नॉकमध्ये (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण केंद्रात) आहे, तीन पाळ्यांची. दुसरी सांगली-मिरज भागात साइट मेंटेनन्सची, म्हणजे टॉवर आणि तिथल्या यंत्रांच्या देखभालीची. दोन्हीकडे नेटवर्क एकाच मोठ्या मोबाइल कंपनीचं, पण नेमणूकपत्रं दोन वेगळ्याच कंपन्यांची आहेत. मुलाखतीत ‘नेटवर्क अपटाइम सांभाळायचा’ एवढंच सांगितलं. रोज नेमकं काय करावं लागतं, काय बिघडतं, कशामुळे बिघडतं आणि आधी काय शिकून जावं? पगाराचा आकडा माहीत आहे, मला काम समजून घ्यायचंय.

पाळी_क्रमांक_तीन:

नॉकबद्दल लिहितो. पडद्यावर अलार्म अखंड वाहत असतात. त्यातले बहुतेक नुसते परिणाम असतात. मूळ कारण शोधून काढणं हे तिथलं खरं काम, आणि त्यासाठी अलार्म वेळेच्या क्रमाने लावून वाचायची सवय लागते. आधी ‘मेन्स फेल’, काही तासांनी ‘बॅटरी लो’, मग साइट डाउन, असा क्रम असेल तर वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही किंवा डिझेल संपलं. मेन्स फेल न येताच साइट एकदम गायब झाली तर बहुधा लिंक गेलेली असते. शेजारच्या सहा-सात साइट एकाच मिनिटाला गेल्या तर प्रत्येकीचं वेगळं तिकीट (बिघाडाची नोंद) काढू नका. त्या सगळ्या ज्या अ‍ॅग्रिगेशन राउटरवर (अनेक साइटचं ट्रॅफिक एकत्र करणारं यंत्र) किंवा ज्या फायबरवर येतात तिथलं एक मुख्य तिकीट काढा आणि बाकीची त्याला जोडा. नाहीतर सात टेक्निशियन सात ठिकाणी पोचतात आणि बिघाड आठव्या जागी असतो.

अपटाइम या शब्दामागचं गणित एकदा करून बघा. करारात ९९.९५ टक्के लिहिलं असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्यातली फक्त २१.६ मिनिटं साइट बंद राहू शकते. टेक्निशियन साइटवर पोचेपर्यंतच ती संपतात. म्हणून बिघाड झाल्यावर धावण्यापेक्षा तो होण्याआधी पकडणारा माणूस नॉकमध्ये जास्त मोलाचा असतो: बॅटरीचं व्होल्टेज दर वेळी थोडं लवकर पडतंय, एखाद्या लिंकवर एरर हळूहळू वाढतायत, शेल्टरचं (यंत्रांच्या खोलीचं) तापमान दुपारी चढतंय.

ठरवून केलेले बदल मध्यरात्रीनंतर होतात, कारण तेव्हा वापर सर्वांत कमी असतो. प्रत्येक बदलाचा क्रम लेखी असतो, त्याला सगळे एमओपी म्हणतात. आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यायचा. किती सेल (साइटचे रेडिओ विभाग) चालू आहेत, ट्रॅफिक किती, आधीपासूनचे अलार्म कोणते हे टिपायचं, मग बदल करायचा आणि पुन्हा तेच आकडे बघायचे. पूर्वस्थितीला यायला ४० मिनिटं लागणार असतील आणि विंडो (बदलासाठी ठरलेली वेळ) पहाटे ५ ला संपत असेल, तर ४.२० ला ‘पुढे की मागे’ हा निर्णय झालेलाच पाहिजे. ‘अजून दहा मिनिटं बघू’ म्हणत राहिलं की सकाळी शहर जागं होतं आणि साइट बंदच असतात.

पाळी बदलताना तिकिटात ‘फॉलोअप चालू’ असं लिहून जाणं हे सर्वांत वाईट. कोणाशी बोलणं झालं, तो कुठे आहे, काय सामान लागणार आहे आणि पुढचा फोन किती वाजता करायचा, एवढं लिहाच.

उणे_अठ्ठेचाळीस:

फील्डवर रेडिओचं काम आहे असं समजून मुलं येतात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ विजेत जातो, आणि मला वाटतं तेच आधी शिकावं.

साइटचं सगळं उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतं. एसएमपीएसमधले (साइटच्या वीजपुरवठा यंत्रातले) रेक्टिफायर मॉड्यूल एसीचं डीसी करतात आणि बॅटरी बँकही भारतात. जुन्या पद्धतीच्या व्हीआरएलए (बंद शिसे-आम्ल) बँकेत २ व्होल्टचे २४ सेल असतात, प्रत्येकी २.२५ धरला तर फ्लोट व्होल्टेज (भरलेली बँक चार्जवर ठेवतात ते) ५४. बॅकअपचा हिशोब असा करा: साइटचा लोड २.४ किलोवॅट म्हणजे साधारण ५० अँपिअर. बँक ६०० एएचची (अँपिअर-तासांची). कागदावर १२ तास. पण ८० टक्क्यांहून जास्त उतरवायची नाही, आणि बँक जुनी होऊन तिची क्षमता ८० टक्क्यांवर आलेली असेल, तर हाती येतात साडेसात तास. त्यातच एक सेल खराब असेल तर तोही हिशोब कोसळतो, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून पूर्ण बँकेचं व्होल्टेज बघून समाधान मानू नका. लोडवर टाकून प्रत्येक सेल मीटरने मोजा आणि बाकीच्यांपेक्षा पटकन पडणारा शोधा. शेल्टरचा एअर कंडिशनर बंद पडला की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

बॅटरीजवळ अंगठी, घड्याळ, कडं घालून जायचं नाही. ४८ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू वितळतो. हत्यारं इन्सुलेटेडच हवीत.

रेडिओच्या बाजूला नेहमीचा अलार्म व्हीएसडब्ल्यूआरचा. आरआरयूपासून (अँटेनाजवळचा रेडिओ) अँटेनाकडे जाणाऱ्या जंपरमध्ये (छोट्या केबलमध्ये) किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, कनेक्टर सैल राहिला, की पाठवलेली शक्ती परत येऊ लागते. आधी नॉकला सांगून तो रेडिओ सेल लॉक (तात्पुरता बंद) करा, मगच कनेक्टर उघडा. दोन पोर्टचे जंपर अदलाबदल करून बघा: अलार्म जंपरबरोबर सरकला तर दोष जंपरमध्ये किंवा त्याच्या पुढे अँटेनाकडे, त्याच पोर्टवर राहिला तर आरआरयूत. तपासून झालं की जंपर मूळ जागी लावायला विसरू नका. नंतर कनेक्टरला आधी रबरी टेप आणि वर पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी कौलांवरून उतरावं तसं खाली निघून जातं. उलटा गुंडाळला तर प्रत्येक वेढ्यात पाणी अडतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट येतं. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, नाहीतर पाणी केबलवरून सरळ आत येतं.

५जीत मॅसिव्ह मायमो (अनेक छोटे अँटेना एकत्र असलेल्या) अँटेनात रेडिओ आतच असतो, त्यामुळे ही जंपरची भानगड तिथे नाही. तिथे नवीन दुखणं वेळेचं आहे. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं चालतं, त्यामुळे सगळ्या साइटची घड्याळं अधिक-उणे दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात. जीपीएस अँटेनाला आकाश नीट दिसत नसेल किंवा तिची केबल खराब असेल, तर ती साइट स्वतः चालू दिसते आणि शेजारच्या साइटना त्रास देते.

टॉवरवर चढायचं असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, दोन हूक, आणि एक हूक कायम अडकलेला. खाली दुसरा माणूस हवाच. पाऊस, वारा किंवा ढगांचा गडगडाट असेल तर चढायचं नाही, मग तिकीट कितीही लाल असो. उंचीवर काम करायचं रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र नसताना कोणी ‘जरा चढून बघ’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

काचेचा_धागा:

वरच्या दोघांनी फायबर सोडलं, म्हणून तेवढंच लिहितो. एका टोकाला ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून अंतर मोजणारं यंत्र) लावला की तो तुटलेली जागा दाखवतो, समजा ७.३२ किलोमीटर. ते अंतर काचेचं आहे, रस्त्याचं नाही. प्रत्येक चेंबरमध्ये दहा-वीस मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं, केबलच्या आतही फायबर केबलपेक्षा थोडं लांब असतं. त्यामुळे गाडीच्या किलोमीटरवर विसंबून खणू नका. रूट डायग्रामवरची वेटोळी वजा करा, जमलं तर दुसऱ्या टोकाकडूनही मोजा. सेटिंगमध्ये अपवर्तनांक चुकीचा असेल तरी आकडा सरकतो. नेहमीच्या सिंगल मोडला तो १.४६८ च्या आसपास असतो.

१३१० आणि १५५० नॅनोमीटर, दोन्ही तरंगलांबींवर ट्रेस घ्या. एखाद्या जागी १३१० ला सगळं ठीक आणि १५५० ला मोठा लॉस दिसला तर फायबर तुटलेलं नाही, कुठेतरी दाबलं किंवा वाकलं आहे. बऱ्याचदा जॉइंट एन्क्लोजरच्या (जोडांच्या पेटीच्या) ट्रेमध्ये घट्ट वळवलेलं सापडतं.

स्प्लाइस करताना (दोन फायबर जोडताना) संरक्षक स्लीव्ह आधी फायबरमध्ये ओवायची, मग सोलणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, क्लीव्ह करणं (टोक सरळ कापणं), जोडणं. घाईत स्लीव्ह राहते आणि सगळं परत करावं लागतं. जोडाचा लॉस ०.१ डेसिबलच्या आत हवा. वारंवार जास्त येत असेल तर मशीनला दोष देण्याआधी क्लीव्हरचं पातं फिरवून बघा. रंगांचा क्रम तोंडपाठ हवा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा.

आणि रिंग. नकाशावर दोन वेगळे मार्ग दिसतात, एक तुटला तर दुसऱ्याने ट्रॅफिक जाईल म्हणून सगळे निर्धास्त. पण शहराबाहेर पडताना किंवा पुलावर दोन्ही मार्ग एकाच चरातून गेलेले असले तर जेसीबीचा एक फटका दोन्ही नेतो. फील्डवर गेलात तर पहिल्या महिन्यात अशा जागा शोधून नकाशावर खूण करा, त्या भागातल्या सगळ्यांना उपयोग होईल.

रानजाई:

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. नेमणूकपत्र दुसऱ्या कंपनीचं असण्यात काही धोका आहे का? आणि नॉकमध्ये रात्रपाळी माझ्यावर लादता येते का?

सर्कल_बदली:

रानजाई, दुसऱ्या कंपनीचं पत्र हा या धंद्याचा आता नेहमीचाच प्रकार आहे. एअरटेलने २००४ मध्ये आपलं नेटवर्क चालवायचं काम एरिक्सनकडे दिलं, तेव्हापासून भारतात ही पद्धत रुळली. आज एकाच साइटवर रेडिओ ऑपरेटरचा, टॉवर आणि वीज टॉवर कंपनीची, आणि हातात पाना धरणारा माणूस ठेकेदाराचा असू शकतो. म्हणून साइट बंद पडली की पहिला वाद ‘बिघाड कोणाच्या हद्दीत’ हाच होतो. रेडिओला डीसी मिळते त्या बॉक्सवर व्होल्टेज मोजून, मीटरचा वेळेसह फोटो तिकिटाला जोडायची सवय लावा. तिथे ५३ व्होल्ट दिसत असतील तर वीजवाल्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

पत्रात चार गोष्टी शोधा. करार कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि ठेका दुसऱ्याकडे गेला तर तुमचं काय होणार. गाडी, पेट्रोल आणि फोनचा खर्च पगारात धरलाय की वेगळा. स्टँडबाय म्हणून घरी थांबायचे दिवस मोजले जातात का. आणि बदलीचं कलम. ‘सर्कलमध्ये कुठेही’ असं लिहिलं असेल तर लक्षात घ्या की टेलिकॉमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये (परवाना विभागात) गोवाही येतो आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे. म्हणजे गोंदियापासून काणकोणपर्यंत.

रात्रपाळीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाला करावी लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी गाडी घराच्या दारापर्यंत येते की ठरलेल्या चौकापर्यंत, हे लेखी विचारा.

मला विचाराल तर आधी दोन वर्षं फील्ड, मग नॉक. बॅटरी बँक स्वतः मोजलेल्या माणसाला पडद्यावरचा अलार्म वेगळाच दिसतो. पण फील्डच्या पत्रात वाहन आणि उंचीच्या प्रशिक्षणाबद्दल काहीच नसेल, तर नॉक घ्या आणि मोकळ्या वेळात आयपी राउटिंग, लिनक्स आणि थोडं पायथन शिका. एल-१ वरून एल-२ वर (पहिल्या स्तरावरून दुसऱ्यावर) जायला तेच उपयोगी पडतं. कुठेही गेलात तरी पहिल्या दोन-तीन पगारांनंतर यूएएनवर (पीएफच्या क्रमांकावर) लॉगिन करून पीएफ खरंच जमा होतोय का ते बघा. पगारपत्रकात कपात दिसते म्हणजे पैसे भरले गेले असं नाही.