मदत हवी आहे: 'च' आणि 'ज'चे दोन उच्चार, स्वनिम की स्वनांतर?

नमस्कार मंडळी. ध्वनिविज्ञानाचा प्राथमिक भाग वाचतोय. स्वन (उच्चारलेला ध्वनी), स्वनिम (ज्याच्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो तो ध्वनी), स्वनांतर (एकाच स्वनिमाचं, अर्थ न बदलणारं वेगळं उच्चाररूप) या व्याख्या पाठ आहेत, पण मराठीला लावायला गेलं की घोडं अडतं.

इंग्रजीचं उदाहरण सोपं आहे. 'पिन' म्हणताना तोंडासमोर तळहात धरला तर हवेचा झोत जाणवतो, 'स्पिन'मध्ये जवळजवळ नाही. तरी तिथे नुसत्या झोताच्या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणजे एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरं. मराठीत मात्र 'पळ' आणि 'फळ' वेगळेच. इथवर ठीक.

आता 'ज' घ्या. जग म्हणजे दुनिया, इथे जीभ टाळूला लागते. 'सुखाने जग' म्हणताना तीच जीभ दातांच्या मागे सरकते. लिपीत एकच अक्षर, पण अर्थ बदलतो, म्हणून हे दोन स्वनिम धरायला हवेत. (लिपीवर विसंबू नये म्हणतात ते यासाठीच असावं.)

पण 'त्याचा' मधला दंततालव्य (जीभ दातांमागे नेणारा) च 'त्याची', 'त्याचे' म्हणताना आपोआप तालव्य (टाळूला लागणारा) होतो. इथे भेद पुढच्या स्वरावर ठरतोय, म्हणजे स्वनांतरासारखंच वागणं झालं!

मग नेमकं काय मानायचं? 'अ', 'आ'पुढे दोन स्वनिम आणि 'इ', 'ए'पुढे तो भेद मिटतो, असं म्हटलेलं चालतं का? की प्रत्यय लागताना होणारा बदल वेगळ्या खात्यात टाकतात? जाणकारांनी, शक्यतो आणखी एखाददोन मराठी जोड्या देऊन, समजावलं तर फार बरं होईल.