सोलापूरलाही नदीकाठ आहे
"मोठ्या शहरालगतच्या नदीकाठच्या गावाची मजा आपल्याला काय कळणार, सोलापूरला नदीच नाही," असं एकानं लिहिलंय. मला नाही पटलं. मंगळवेढा रस्त्यावर तिऱ्ह्याला सीना आहेच की! माझी आत्या तिथं राहते. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर गेलो, तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ आणि दारात कुजून काळी पडलेली कडब्याची गंजी. तरी आत्या म्हणाली, "नदी सोडून कुठं जाऊ बाबा?"

हीच सीना पुढं कुडलला भीमेला मिळते, जिथं शके ९४०चा मराठी शिलालेख आहे. एकदा बघून याच. आणि नदीकाठी प्लॉट बघत असाल, तर कृपा करून आधी पूररेषा विचारा.