"ज्याला विणता येत नाही त्यालाच काठ लागतो" म्हणे!

गोदाकाठ

परवा इथे फोरमवर एका मुलीने दारावरच्या क्रोशाच्या (आकड्याच्या सुईने विणलेल्या) तोरणाचा फोटो टाकला. त्याखाली 'उसवणारी' यांनी शेरा मारला: "कड मुळात सरळ विणली तर काठ घालावाच लागत नाही. ज्याला विणता येत नाही त्यालाच काठ लागतो." तिथेच उत्तर देणार होते, पण पोरीच्या कौतुकात आपलं भांडण कशाला, म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

काठ चुका झाकायला घालतात हे कुठून आलं? चौकोनी तुकड्याच्या चार कडा चार तऱ्हेच्या असतात. खालची सुरुवातीच्या साखळीची, ती ताणत नाही. वरची टाक्यांच्या माथ्यांची, ती त्यामानाने सैल. डावी-उजवी म्हणजे नुसती ओळींची टोकं, सगळ्या खाचाखोचा. हात कितीही सफाईदार असला तरी या चार कडा आपोआप सारख्या होत नाहीत, कारण त्यांची बांधणीच वेगळी आहे. मुक्या खांबांची (बुटक्या टाक्यांची) एक फेरी चौफेर फिरवली की चारही बाजूंना एकसारखा माथा मिळतो. आणि ओढाताण होते ती कडेवरच. तोरण खिळ्याला लटकतं ते कडेने, बाळ ब्लँकेट चोखतं ते कडेने.

नाशकात गंगापूर रोडला माझ्या घरी शनिवारी बायका शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशीच सांगते: खांबांची (उंच टाक्यांची) ओळ असेल तर कडेला दर ओळीमागे २ मुके खांब, मुक्या खांबांची असेल तर १, कोपऱ्यात एकाच टाक्यात ३. जास्त घातले तर झालर होते, कमी घातले तर तुकडा वाटीसारखा वळतो. काठासाठी सुई अर्धा मिलिमीटर लहान घ्या. शेवटी क्रॅब स्टिचची, म्हणजे उलट्या मुक्या खांबांची फेरी, तुकडा न वळवता, डावीकडून उजवीकडे. ही झाकपाक वाटत असेल तर वाटो.

उसवणारी

नाव घेऊन धागा काढलात, छान. पण वाक्य अर्धंच उचललंत. पुढे मी लिहिलं होतं की वाकड्या कडेवर काठ घातला की वाकडेपणा दोन रंगांत दिसतो. ते सोयीस्कर गाळलं.

तुमच्या शनिवारच्या बायकांना पहिल्या दिवशी काठ शिकवता आणि ओळ वळवायची कशी ते केव्हा? तीन साखळ्या घालून वळायचं, त्या तीन साखळ्या एक खांब धरायच्या आणि पुढच्या ओळीत त्यांच्या माथ्यावर टाका घालायला विसरायचं. म्हणजे दर ओळीला एक टाका गायब. मग खाली दीड फूट आणि वर सव्वा फूट असलेली ब्लँकेटं लोक बाळंतविड्यात देतात, वर गुलाबी झालर लावून!

साखळ्या घालूच नका. पहिल्या टाक्यात मुका खांब घाला, मग त्याच्याच डाव्या पायात (डावीकडच्या उभ्या धाग्यात) सुई घालून दुसरा मुका खांब. उंची खांबाएवढी होते, भोक पडत नाही, आणि मोजताना तो डोळ्यांना टाका म्हणून दिसतो. सुरुवातीची साखळी एक नंबर मोठ्या सुईने करा म्हणजे खालची कड आक्रसत नाही. एवढं केलं की माझ्या मफलरला काठ लागत नाही. निफाडच्या थंडीत माझा मुलगा तीच वापरतोय, कड तशीच आहे.

मेनरोडची_मारामारी

दोघींचंही बरोबर, पण काठ घालायचाय कशाने ते बोला ना कुणीतरी! ब्लँकेट संपत आलं, काठापुरती लोकर कमी पडली, म्हणून मेनरोडला त्याच दुकानात गेले. दुकानदार म्हणे हाच शेड, डोळे झाकून घ्या. घरी येऊन उजेडात धरलं तर एक दुधाळ आणि एक पिवळट. रंगवलेल्या खेपेचा लॉट नंबर वेगळा. बदलून मागितला तर म्हणे गुंडा सोडलेला माल परत घेत नाही. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी सकाळ गेली ती वेगळीच.

उसवणारी

जवळचा रंग घेऊच नये. एकतर सरळ उठून दिसणारा वेगळा रंग घ्यायचा, नाहीतर काठाचा गुंडा पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवायचा. किंवा काठच घालायचा नाही. ;)

सिडकोच्या_काकू

किती डोकं चालवता गं मुलींनो. साबुदाण्याची खळ करा, पातळ, गाळून घ्या. रुमाल त्यात बुडवा, पिळा, गादीवर जुनं धोतर पसरून त्यावर टाचण्यांनी ताणून लावा. सकाळी कड अशी सरळ की पट्टी लावून बघा. आमच्या सासूबाईंच्या हातचे ताटाखालचे रुमाल अजून आहेत, बारीक, चाळीस नंबरच्या दोऱ्याचे. ना त्यांनी मुक्या खांबाच्या पायात सुई घातली ना उलट्या फेऱ्या मारल्या.

निफाडकर

काकू, आदर ठेवून सांगतो, खळ घातलेलं कापड कपाटात ठेवलं की कसर लागते. तिला पिष्टच हवं असतं. आमच्या आजीची अख्खी रुमालांची पेटी त्यात गेली. सणाला काढायच्या आधी खळ घाला, नंतर धुऊन मगच ठेवा.

(हो, मी पुरुष आहे आणि क्रोशा करतो. दरवेळी विचारू नका.)

सिडकोच्या_काकू

कुणी विचारलंच नव्हतं बाबा. आणि कसर लागते ती आळसाने. आमच्याकडे दर दसऱ्याला पेटी उन्हात पडते, त्यात कडुलिंबाचा पाला.

टोकं_लपवा_संघटना

खळ सुती दोऱ्याला. इथे निम्म्या जणी ॲक्रिलिकवर (कृत्रिम लोकरीवर) काम करतात, त्यांनी खळीत बुडवलं तर हातात नुसती चिकट लोकर येईल. ॲक्रिलिक पाण्याने ताणून वाळवलं तरी टाचण्या काढल्या की बऱ्यापैकी पूर्वपदावर येतं. त्याला वाफच लागते, आणि इस्त्री वरून अधांतरी धरायची, टेकवायची नाही.

मेनरोडची_मारामारी

टेकवली तर काय होतं ते मला विचारा! लाटेसारखा झालेला काठ सपाट करायला इस्त्री फिरवली. काठ सपाट झाला, पण लोकर मेल्यासारखी लुळी आणि चकचकीत झाली. परत फुललीच नाही.

गोदाकाठ

फुलणार नाही. उष्णतेने तंतूच बदलतो, तो उलटत नाही. शालींना अंगावर पडावी म्हणून काहीजणी मुद्दाम करतात, पण आधी नमुन्याच्या तुकड्यावर. आणि काठ लाटेसारखा झाला होता म्हणजे टाके जास्त होते. उसवून कमी करायचे होते.

सिडकोच्या_काकू

आमच्या वेळी साखरेच्या पाकातही घालायचे. फुलदाणीखालचं जाळीदार फूल उभं राहायचं कडक.

निफाडकर

आणि मुंग्यांची रांगही उभी राहायची, कडक.

सिडकोच्या_काकू

निफाडकर, तुम्हाला थट्टाच करायची असेल तर करा. तुमच्या पिढीला व्हिडिओत बघून चार टाके आले की आमचं सगळं खुळचट. सिडकोत आलो तेव्हा आजूबाजूला नुसती माती होती. दिवसभर घर, पाणी, पोरं, आणि रात्री चाळीस नंबरच्या दोऱ्यावर डोळे फोडून घेतले. मुंग्या आल्या असतील, पण तो रुमाल अजून देवापुढे आहे. तुमचं काय आहे?

टोकं_लपवा_संघटना

अहो खळीवरून आता पिढीवर? धागा काठाचा होता. मला वाटतं हल्ली पांढरा गोंद पाण्यात कालवून तोरणांना लावतात तो प्रकार सगळ्यांत वाईट. खळ निदान धुतली की जाते, गोंद कायमचा. पिवळा पडतो, धूळ धरतो, आणि एक टाका तुटला तर दुरुस्तीसाठी सुई आत शिरत नाही. कडक तोरण विकत घेणाऱ्याला हे कळत नाही. तो म्हणतो, वा, काय सरळ कड!

सिडकोच्या_काकू

हे मात्र खरं बोललास. की बोललीस, जे असेल ते.

कॉलेजरोड_कट्टा

एक शंका. एवढी मगजमारी कशाला? दहीपुलाकडे मशीनवरची क्रोशाची लेस मीटरवर मिळते, ती शिवून टाका.

गोदाकाठ

ती क्रोशाची नसते! क्रोशा मशीनवर होत नाही. मशीनवर होतं ते विणलेलं किंवा भरतकाम केलेलं, क्रोशासारखं दिसणारं. प्रदर्शनात दरवेळी हेच. "मशीनवर दोनशेला मिळतं, तुमचं नऊशे कसं?" एका बाईंनी तर टेबलक्लॉथचा काठ नखाने खरवडून पाहिला, शिवलेला आहे का म्हणून. आमची खरी मजुरी जाते ती याच काठात आणि धाग्याची टोकं लपवण्यात, आणि त्याचेच पैसे कुणी धरत नाही.

निफाडकर

मजुरीचं निघालंच आहे तर: आपल्या गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशा रुजवला. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. बायका घरी बसून विणतात, माल परदेशी जातो आणि त्यांच्या हातात मात्र किरकोळ मजुरी पडते, हे १९८० च्या दशकापासून अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. नाशकातल्या घासाघिशीत नवीन काही नाही.

उसवणारी

काठावरून निघालो ते नदीच्या काठाने थेट समुद्रापर्यंत आलो. त्र्यंबकेश्वर राहिलं, तेही घ्या.

मूळ मुद्द्यावर येऊ? गोदाकाठ, चार कडा चार तऱ्हेच्या असतात म्हणालात. मान्य. पण मफलर, पट्टा, डोक्याचा बँड यांना दोनच कडा महत्त्वाच्या, त्या दोन्ही ओळींच्या टोकांच्या, म्हणजे एकाच तऱ्हेच्या. त्यांना काठ घातला की मफलर दोन बाजूंनी जाड आणि मध्ये पातळ, गळ्याला टोचतो. बघा बांधून.

गोदाकाठ

मफलरला मी पण घालत नाही. मी तोरण आणि ब्लँकेटबद्दल लिहिलं होतं. तुम्ही सरसकट "विणता येत नाही" म्हणालात, आग लागली ती त्या शब्दांनी.

तुमचा तो मुक्या खांबाच्या पायातला प्रकार काल एका तुकड्यावर करून पाहिला. कड बरी येते. बरी म्हणतेय, हुरळून जाऊ नका. त्या कडेवर काठ घालताना दर ओळीमागचे २ टाके कुठे घालायचे ते शोधावं लागत नाही, एवढा फायदा कबूल. पण जाड लोकरीत त्या पहिल्या खांबाला एक गाठ दिसते, फोटोत येत नाही, बोटाला लागते.

उसवणारी

जाड लोकरीत लागते. खालच्या मुक्या खांबाचा टाका सैल ओढा, कमी लागेल. अगदी नाही लागणार असं म्हणत नाही.

आणि तोरणाला काठ घाला. खिळ्याला टांगायचं असेल तर घाला. आयरिश क्रोशात कडेला जाड दोरा आत धरून त्यावरून मुके खांब घालतात, तसा घाला, मग वजनाने ओघळत नाही. मी कधी नाही म्हटलं?

मेनरोडची_मारामारी

परवा म्हटलंत की!

उसवणारी

परवा मी त्या मुलीच्या वाकड्या काठाबद्दल बोलत होते. सगळ्या काठांबद्दल नाही.

निफाडकर

बरं, तो दोरा आत धरायची युक्ती कामाची आहे. आमच्याकडे तोरणाला मोती ओवतात, वजनाने मध्ये झोळ पडतो. दोरा सुती चालेल की नायलॉनचा?

टोकं_लपवा_संघटना

सुतीच. नायलॉन सरकतो, आणि दोन्ही टोकं बाहेर डोकावतात. टोकं कमीत कमी सहा इंच सोडा आणि शिवायच्या सुईने एकदा एका बाजूला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या बाजूला फिरवा. एकाच दिशेला घातलं तर दुसऱ्या धुण्याला बाहेर. फेरी बंद करताना गाठ मारू नका, दोरा कापून सुईने पहिल्या टाक्याच्या माथ्याखालून घ्या आणि शेवटच्या टाक्याच्या मधोमध परत आणा, जोड सापडत नाही. हे मी प्रत्येक धाग्यात लिहिते आणि कुणी वाचत नाही.

सिडकोच्या_काकू

वाचलं मी. बोललीस तर, म्हणजे मुलगीच. मोत्यांच्या तोरणाला खळ घालायची असेल तर मोती ओवायच्या आधी, नाहीतर मोत्यांच्या भोकात साबुदाणा बसतो.

मेनरोडची_मारामारी

काकू, आत्ता पावसात खळ रात्रभरात वाळत नाहीये. पंख्याखाली ठेवलं तर चालेल का, की टाचण्यांना गंज चढून काठावर डाग पडतील?

सिडकोच्या_काकू

पडतातच. स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या घे. आणि मेनरोडला घेऊ नकोस, तुझं त्या दुकानाशी जमत नाही.