थर्मोस्फिअरमध्ये हजार अंश, मग अवकाश स्थानक वितळत कसं नाही?

अंजोर: थर्मोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, 400 किमी उंचीवर हवेचं तापमान सातशे-हजार अंश सेल्सिअस असतं असं वाचलं. अॅल्युमिनिअम 660 ला वितळतं. मग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक तिथे शाबूत कसं? की हा आकडा नुसता कागदावरचा?

निर्वात: आकडा अगदी खरा आहे. तापमान सांगतं की एकेक कण सरासरी किती जोरात पळतोय. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तिथला ऑक्सिजनचा अणू सेकंदाला किलोमीटरभर सहज कापतो. पण असे अणू आहेत किती? जमिनीवरच्या हवेपेक्षा तिथली हवा शंभर अब्ज पटींहून विरळ! त्या गरम हवेकडून एका चौरस मीटरला जेमतेम काही मिलिवॅट उष्णता मिळते. तेवढ्याच जागेवर थेट ऊन पडतं सुमारे 1,361 वॅट. स्थानकाला तापवतं ते ऊन, हवा नव्हे.

मी रोज व्हॅक्यूम चेंबरवर काम करतो. आत एखादा भाग तापला की तापलेलाच राहतो, कारण उष्णता वाहून न्यायला हवाच नसते. स्थानकाचंही तेच दुखणं. म्हणून अमोनिया खेळवणारे मोठाले रेडिएटर बाहेर पसरलेत, आतली उष्णता प्रारणाने अवकाशात टाकायला.

अंजोर: म्हणजे तिथे साधा थर्मामीटर धरला तर हजार दाखवणारच नाही?

निर्वात: नाही. पृथ्वीच्या सावलीत तर तो शून्याच्या खूप खाली जाईल. हवेकडून मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तो स्वतःच बाहेर टाकतो. तापमान मोजायची पद्धत वेगळी, आणि मला ती फार आवडते. साधारण 250 किमीवर ऑक्सिजनचे अणू रात्रीही 630 नॅनोमीटरचा मंद तांबडा प्रकाश देतात. अणू जितके वेगाने इकडेतिकडे पळतात, तितकी वर्णपटातली ती रेषा रुंदावते. रुंदी मोजली की तापमान हाती येतं, तेही जमिनीवर बसून.

ध्रुव: एक भर घालतो. उष्णता नगण्य असली तरी या तापमानाला हलकं समजू नका. सूर्य जास्त सक्रिय झाला की थर्मोस्फिअर तापून फुगतं, वरची हवा दाट होते आणि उपग्रहांना जास्त अडवते. स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाश स्थानक 1979 मध्ये अपेक्षेपेक्षा लवकर खाली आलं ते यामुळेच.