सिकाडाच्या रिकाम्या आवरणाला काय म्हणावे: कात, कवच, कोश की निर्मोक?

पृच्छा

सिकाडा या कीटकाचे पिल्लू जमिनीतून वर येऊन झाडाच्या खोडावर चढते, तेथे त्याची पाठ उकलते, आतून पंख असलेला प्रौढ कीटक बाहेर पडतो आणि त्याच्याच आकाराचे तपकिरी, पोकळ आवरण सालीला धरून तसेच राहते. या आवरणाला मराठीत नेमके काय म्हणावे? कीटकांविषयीच्या एका मराठी लेखाचे संपादन करताना याच वस्तूला एके ठिकाणी ‘कोश’, पुढे ‘कवच’, नंतर ‘टरफल’ आणि शेवटी ‘सांगाडा’ म्हटलेले आढळले. वाचकाला ही वेगवेगळ्या गोष्टींची नावे वाटण्याचा संभव आहे. एकच शब्द ठरवायचा झाल्यास कोणता घ्यावा, आणि तो का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

माझ्या मते येथे ‘कात’ हाच शब्द योग्य आहे आणि नवा शब्द घडवण्याची गरज नाही. तरीही बाकीचे शब्द का नकोत, हे पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण त्यांतील प्रत्येकामागे वस्तूविषयीची एक वेगळी समजूत दडलेली आहे.

‘कोश’ तर प्रथम वगळावा. फुलपाखराच्या आयुष्यात अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात आणि कोशाच्या अवस्थेत कीटक काही न खाता एका जागी बंद राहून आतल्या आत बदलतो. सिकाडा हा तुडतुडे आणि मावा यांच्या नात्यातला, हेमिप्टेरा गणातला कीटक आहे आणि या गणात कोशाची अवस्था नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू जमिनीत शिरते, झाडांच्या मुळांतील रस शोषून वाढते, वाढता वाढता कात टाकत जाते आणि पाचव्या, म्हणजे शेवटच्या, टप्प्यात स्वतःच्या पायांनी वर चालत येते. खोडावर दिसणारे आवरण या चालत्या-फिरत्या पिल्लाचे असते. त्याला कोश म्हटले की वाचक नकळत सिकाडाला फुलपाखराच्या रांगेत बसवतो, म्हणजे येथे केवळ शब्द चुकत नाही, माहितीही चुकते. याच कारणाने त्या पिल्लाला ‘अळी’ म्हणणेही टाळावे. शेतीविषयक मराठीत तुडतुड्यांच्या संदर्भात ‘पिल्ले आणि प्रौढ’ असा प्रयोग रुळलेला आहे, तोच येथे चालतो.

‘सांगाडा’ हा शब्द मृत्यूची छाया घेऊन येतो. कीटकाच्या शरीराचा आधार बाहेरून असतो आणि त्याला शास्त्रीय लेखनात ‘बाह्यकंकाल’ म्हणतात, हे खरे आहे. पण सामान्य वाचक सांगाडा म्हणजे मेलेल्या प्राण्याचे अवशेष असेच समजतो, आणि येथे तर कोणी मेलेले नाही.

‘टरफल’ या शब्दाबद्दल मला थोडे ममत्व आहे, कारण या आवरणाचा ठिसूळ कोरडेपणा त्यात चांगला उतरतो. अडचण अशी की टरफल शेंगेचे किंवा बीचे असते आणि ते बाहेरून कोणीतरी फोडून आतला दाणा काढून घेतलेला असतो. सिकाडाच्या बाबतीत आत असलेला जीव स्वतःच्या बळाने बाहेर पडतो, आणि वर्णनाचा सगळा जीव याच गोष्टीत आहे.

‘कवच’ चुकीचे म्हणता येणार नाही, मात्र ते अपुरे आहे. कवच हे अंगावर असलेल्या संरक्षणाचे नाव आहे. कासवाचे किंवा गोगलगायीचे कवच प्राण्याबरोबर वाढत जाते आणि जन्मभर त्याच्यासोबत राहते. कीटकाचे कायटिन या चिवट द्रव्याने युक्त असलेले बाह्य आवरण एकदा टणक झाले की शरीराबरोबर वाढत नाही, म्हणून वाढायचे असेल तर ते अख्खेच्या अख्खे सोडून द्यावे लागते. अंगावर असेपर्यंत त्याला कवच म्हणावे आणि सोडून दिल्यावर कात म्हणावे, असा भेद राखला तर दोन्ही शब्दांचे काम स्पष्ट होते.

हरकत

‘कात’ म्हटले की सापाची कात डोळ्यांसमोर येते, म्हणजे पातळ, मऊ, लांबलचक पापुद्रा. सिकाडाचे आवरण ताठ असते, पाय, डोळे, मिशा यांसह पूर्ण कीटकाचा आकार राखून असते. इतक्या वेगळ्या वस्तूला तोच शब्द लावल्यास चित्र चुकीचे उभे राहणार नाही का? शिवाय ‘कात टाकणे’ हा प्रयोग आता इतका लाक्षणिक झाला आहे की संस्थेने कात टाकली, भाषेने कात टाकली, असेच तो जास्त वाचनात येतो. अशा वेळी ‘निर्मोक’ हा संस्कृत शब्द पारिभाषिक म्हणून घेणे अधिक सोयीचे नाही का?

प्रतिसाद

हरकतीतील पहिला भाग महत्त्वाचा आहे. सापाची कात आणि सिकाडाची कात यांत खरोखर फरक आहे, आणि तो ताठपणाच्याही पुढे जातो. साप ओठांपासून कात सोडवू लागतो आणि पुढे सरकत तिच्यातून निघतो, त्यामुळे ती बहुधा उलटी झालेली सापडते, आतली बाजू बाहेर. सिकाडाची कात सुलटीच राहते. पाठीच्या मध्यरेषेवर एक सरळ चीर पडते, त्या चिरेतून आधी पाठ आणि डोके, मग पाय आणि शेवटी पोट बाहेर येते, आणि मागे उरलेल्या कातीचे पाय पूर्वीसारखेच सालीत रुतलेले असतात. जवळून पाहिल्यास पुढच्या जाडजूड, खणण्याच्या पायांवर वाळलेली माती दिसते आणि डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक घुमट दिसतात. चिरेच्या कडांपाशी काही पांढरे धागे लोंबत असतात. हे धागे म्हणजे कीटकाच्या श्वासनलिकांचे अस्तर होय. शरीराच्या आत गेलेल्या नलिकांचे अस्तरही बाह्य आवरणाचाच भाग असल्यामुळे तेही सदऱ्याच्या बाहीसारखे आतून ओढले जाऊन बाहेर येते. एवढ्या आतवर पोहोचलेल्या वस्तूला नुसते ‘कवच’ म्हणणे मला त्यामुळेच अपुरे वाटते.

मात्र या फरकामुळे शब्द बदलण्याचे कारण नाही. ‘कात’ हा शब्द ‘कातडे’ या शब्दाच्या कुळातला आहे आणि त्यात जाडी किंवा मऊपणा यांची अट कोठेही नाही. सोडून दिलेली बाह्य त्वचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. अळ्या वाढताना अनेकदा कात टाकतात, असे मराठीत सर्रास लिहिले जाते आणि ते कोणाला खटकत नाही. सिकाडापुरताच संकोच करावा असे काही दिसत नाही. पहिल्या उल्लेखात ‘पिल्लाच्या आकाराची पोकळ, टणक कात’ असे लिहिले की चित्र स्पष्ट होते आणि पुढे नुसते ‘कात’ पुरते.

लाक्षणिक अर्थाविषयीची चिंता मला उलट दिशेने जाणवते. संस्थेने कात टाकली असे म्हणताना आपले सारे लक्ष नव्या रूपाने निघालेल्याकडे असते, मागे काय पडले याची चौकशी कोणी करत नाही. म्हणून या क्रियापदाच्या वापराने नाम झाकले गेले आहे हे खरे, पण त्यावर उपाय नाम सोडून देणे हा नसून ते पुन्हा मूळ अर्थाने वापरणे हा आहे.

‘निर्मोक’ शुद्ध आणि जुना शब्द आहे. अमरकोशात ‘समौ कञ्चुकनिर्मोकौ’ असे म्हणून सापाच्या कातीची दोन्ही नावे एकत्र दिली आहेत. त्यांतील ‘कंचुक’ म्हणजे अंगात घालायचे वस्त्रही होय, आणि वस्त्राची ही कल्पना इतर भाषांतही आढळते. शास्त्रज्ञ या आवरणासाठी ‘एक्सुव्हिए’ हा जो लॅटिन शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ अंगावरून उतरवलेली वस्त्रे असाच आहे. जपानी भाषेत तर खास सिकाडाच्या कातीसाठी ‘उत्सुसेमि’ असा शब्द आहे. तो मुळात ‘या जगातला मनुष्य’ अशा अर्थाचा होता. पुढे तो ‘रिकामा सिकाडा’ अशा अर्थाच्या चित्रलिपीतील चिन्हांनी लिहिला जाऊ लागला आणि त्यातून कातीचा अर्थ त्याला चिकटला. ‘गेंजी मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथेतील एका प्रकरणाचे हेच नाव आहे आणि तेथील स्त्री निसटून जाताना आपले वस्त्र मागे ठेवते.

तेव्हा प्रजातींच्या शास्त्रीय वर्णनात ‘निर्मोक’ आणि त्या क्रियेसाठी ‘निर्मोचन’ हे शब्द जरूर वापरावेत. नमुन्यांच्या नोंदींतही ते शोभतात, कारण सिकाडांची संख्या मोजण्यासाठी या काती गोळा करतात आणि पोटाच्या टोकाकडील खुणांवरून नर-मादीही ओळखता येतात, शिवाय एकाही जिवंत कीटकाला हात लावावा लागत नाही. सर्वसामान्य वाचकांसाठीच्या लेखात मात्र ‘निर्मोक’ वाचून थांबावे लागते, आणि ‘कात’ वाचून थांबावे लागत नाही.

व्याकरणाविषयी थोडेसे. या अर्थाचा ‘कात’ स्त्रीलिंगी आहे: ती कात, त्या काती, कातीवर, कातीतून. खैराच्या लाकडापासून मिळणारा ‘कात’ पुल्लिंगी असून त्याचे ‘काताचा’ असे रूप होते, त्यामुळे दोघांचा रंग तपकिरी असूनही वाक्यात घोटाळा होत नाही. अनेकवचनाची गरज तर हमखास पडेल. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात १३ किंवा १७ वर्षांनी एकदम वर येणाऱ्या सिकाडांविषयी लिहिताना ‘झाडांच्या बुंध्याशी कातींचा खच पडला होता’ असे वाक्य सहज बसते.

राहिला ‘रातकिड्याची कात’ हा प्रयोग, जो काही जण सिकाडासाठी करतात. तो टाळावा. रातकिडा पंखांवर पंख घासून आवाज काढतो, तर सिकाडाचा नर पोटाच्या बाजूंना असलेल्या पडद्यांच्या कंपनाने, आणि तोही बहुतांशी दिवसा. दोघांचे गणही वेगळे आहेत. ‘सिकाडा’ हे परभाषेतून आलेले नाव आता मराठी लेखनात ओळखीचे झाले आहे, म्हणून त्या लेखात सर्वत्र ‘सिकाडाची कात’ असे करावे.